पलंगावरची चकाकी आली कुठून?

आधी वर बघा. पॅगोडासारखं छप्पर, चारही कोपऱ्यांवर सोनेरी ड्रॅगन, आणि लाल, निळा, सोनेरी असा रंग की वाटावं थेट चीनमधूनच जहाजात घालून आणलाय. पण हा पलंग इंग्लंडचा. १७५४ च्या सुमारास विल्यम लिनेल आणि त्याचा मुलगा जॉन यांच्या लंडनच्या कारखान्यात बनला, ड्यूक ऑफ बोफर्ट या सरदाराच्या बॅडमिंटन हाऊस या वाड्यासाठी. त्याच वर्षी थॉमस चिपेंडेल या लंडनच्या फर्निचर कारागिराचं डिझाईनचं पुस्तक आलं, त्यातही चायनीज खुर्च्या होत्याच, तेव्हाच्या श्रीमंतांना या प्रकाराचं भलतंच वेड.

उशाकडची ही जाळी बघा, आणि आता जवळून तो रंग.

चीनमध्ये हे चकाकत्या रंगाचं काम एका झाडाच्या चिकापासून व्हायचं. तो चीक जहाजाच्या लांबच्या प्रवासात टिकायचा नाही. मग इंग्रज कारागिरांनी वेगळी वाट काढली, तिला जपानिंग म्हणायचे, आणि त्यातल्या चांगल्या कामाला लागायची लाख. आपली लाख!

ही फांदी बघा. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर बारीक किडे बसतात, ते जो राळेसारखा थर सोडतात तीच लाख. फांदीवरून खरवडायची, कुटायची, धुवायची, लाल रंग पाण्यात निघून जातो आणि खाली दाणे उरतात. झारखंडमध्ये आजही हे काम चालतं. हे दाणे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून लंडनला जायचे, तिथे स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने गाळायचे आणि लाकडावर हात द्यायचे, एक वाळला की दुसरा, मग तिसरा, असे कितीतरी. शेवटी ट्रिपोली नावाच्या मऊ दगडपुडीने घासायचं, वर तेलाचा हात. ही कृती स्टॉकर आणि पार्कर या इंग्रजांनी १६८८ मध्येच पुस्तकात छापली होती. चित्रं उठावदार हवी असतील तर डिंकाच्या पाण्यात लाकडाचा भुसा कालवून लगदा करायचा, तो चढवायचा आणि मग त्यावर सोनेरी पूड.

चिपेंडेल, लिनेल ही नावं सगळ्यांना माहीत आहेत, असायलाच हवीत. पण ही चकाकी जितकी त्यांची तितकीच उन्हात बसून लाख खरवडणाऱ्या त्या हातांची, हे आम्हाला ठासून सांगायचंय.

पुढे वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडमचा ग्रीक-रोमन थाट आला आणि ड्रॅगन मागे पडले. १९२१ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने हा पलंग विकत घेतला.