कूस बदलली की घर फिरतं

श्रोतेहो, नमस्कार. पहाटे कूस बदलली, घर गरगर फिरलं, पलंगाची कड घट्ट धरली आणि मिनिटाच्या आत सगळं जागच्या जागी आलं. असं ज्यांना होतं, त्यांच्यासाठी आजचं बोलणं.

कानाच्या अगदी आत खडूच्या जातीचे सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. ते सुटून शेजारच्या, पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या अर्धगोल नळीत शिरले, की डोकं हलवताच घरंगळतात आणि मेंदूला वाटतं आपण गिरक्या घेतोय. हे कण गोळीने हलत नाहीत. पुन्हा सांगतो, गोळीने हलत नाहीत. डोकं ठरावीक क्रमाने फिरवून त्यांना परत पाठवावं लागतं. ही रीत अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॉ. जॉन एपली यांची. 1980 साली त्यांनी ती मांडली तेव्हा बरेच डॉक्टर हसले. सविस्तर लेख छापून यायला 1992 उजाडलं.

आता माझ्या मावशीचं सांगतो. साताऱ्याला जुनं घर, उंचावर दांडी, आणि काठीने लुगडं वाळत घालणारी मावशी. मान वर केली की भोवंडायचं. आधी पित्त समजून आलं-लिंबू झालं. मग कुणीतरी मानेला पट्टा बांधला. हा पट्टा म्हणजे आपल्याकडे चकरेचा गणवेशच झालाय, माझा त्याच्यावर जुना राग आहे. असो. चार महिने पट्टा, चार महिने गोळ्या, आणि लुगडं वाळत घालायला मावसाजी.

मी गेलो, तिला दिवाणावर बसवलं. मान उजवीकडे वळवली आणि झटकन उताणं निजवलं, डोकं दिवाणाच्या कडेखाली थोडं लोंबतं. क्षणभर काही नाही. मग बुबुळं थरथरायला लागली आणि मावशीने माझा शर्ट पकडला. "मेल्या, पाडतोस की काय!" दोन बटणं गेली. मी म्हटलं, "मावशी, डोळे उघडे ठेव, थांबेल." थांबलं. म्हणजे दोष उजव्या कानात.

तसंच थोडं थांबून डोकं डावीकडे वळवलं. पुन्हा थांबलो. मग तिला डाव्या कुशीवर घेतलं, नाक जमिनीकडे. पुन्हा थांबलो. मग उठवून बसवलं. घाई करायची नाही, दर टप्प्यावर अर्धा-एक मिनिट थांबायचं.

मावशी म्हणाली, "हे तर जत्रेतल्या छऱ्याच्या डबीसारखं झालं. वाकडीतिकडी करत छरा भोकात घालायचा." इतकी वर्षं शिकून मला ही उपमा सुचली नव्हती. आणि त्या डब्या आता मिळतही नाहीत. पोरांच्या हातात नुसते मोबाइल.

मोबाइलवरून आठवलं. त्यावर बघून हे घरी करू नका. कोणता कान, कोणती नळी, हे आधी तपासावं लागतं. मानेचं दुखणं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि चकरेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना, तर ही ती चक्कर नव्हे. तडक दवाखाना गाठा. कण पुन्हा सुटूही शकतात. मग पुन्हा हाच उपाय.

दुसऱ्या दिवशी मावशीने स्वतः लुगडं दांडीवर टाकलं. पट्टा माळ्यावर गेला. पण आठवड्याने शेजारच्या वहिनींचा मला फोन, "डॉक्टर, मावशींना आवरा हो!" वहिनींना भोवळ आली म्हणताच मावशीने त्यांना दिवाणावर आडवं करून डोकं खाली सोडलं होतं. त्या दिवशी संकष्टी होती, आणि वहिनींच्या पोटात सकाळपासून चहासुद्धा नव्हता.