आठ रेषा, दोन अक्षरे : हेन्री ताजफेल यांचे पूर्वग्रह-संशोधन

(दृश्य : पांढऱ्या कार्डांवरच्या काळ्या रेषा एकेक करून समोर येतात.)

पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या या रेषांकडे प्रेक्षकांनी लक्षपूर्वक पाहावे. रेषा एकूण आठ आहेत आणि त्या लांबीच्या क्रमाने लावल्या, तर प्रत्येक पुढची रेषा आधीच्या रेषेपेक्षा सुमारे पाच टक्के लांब भरते. या क्रमात कोठेही खंड नाही. चौथी आणि पाचवी रेषा शेजारी ठेवल्यास त्यांच्यातला फरक एका सेंटिमीटरच्या आसपास येतो. इतर कोणत्याही दोन शेजारच्या रेषांमध्येही साधारण तेवढाच फरक आहे.

(दृश्य : त्याच रेषा. चार आखूड रेषांवर ‘ए’ आणि चार लांब रेषांवर ‘बी’ हे अक्षर उमटते.)

आता बदल झाला आहे तो केवळ या दोन अक्षरांचा. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल आणि त्यांचे सहकारी ए. एल. विल्क्स यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना अशा रेषा एकेक करून दाखवल्या आणि प्रत्येकीच्या लांबीचा अंदाज सांगायला लावला. काही जणांना रेषांवर कोणतेही अक्षर दिसत नव्हते, काहींना अक्षरे दिसत होती पण त्यांचा लांबीशी काहीही संबंध नव्हता, आणि काहींसमोर मात्र आखूड रेषांवर नेहमी एकच आणि लांब रेषांवर नेहमी दुसरेच अक्षर येत होते. या तिसऱ्या प्रकारच्या सहभागींनी चौथ्या आणि पाचव्या रेषेतले अंतर प्रत्यक्षात होते त्यापेक्षा बरेच मोठे सांगितले. ‘ए’ गटातली सर्वांत लांब रेषा आणि ‘बी’ गटातली सर्वांत आखूड रेषा या दोघी त्यांच्या नजरेत एकमेकींपासून दूर सरकल्या होत्या. एकाच गटातल्या रेषा एकमेकींसारख्या दिसू लागतील ही अपेक्षा तितक्या ठळकपणे खरी ठरली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण या प्रयोगाचे वर्णन करताना ही बाब अनेकदा गाळली जाते.

रेषांविषयी कोणाच्याही मनात राग नसतो. त्यांच्याबद्दल कोणी लहानपणापासून काही वाईट ऐकलेले नसते, आणि त्यांच्यामुळे कोणाची नोकरी गेलेली नसते. तरीही सीमारेषेच्या दोन बाजूंचा फरक फुगवून पाहण्याची क्रिया येथे घडते. माणसांवर जेव्हा अशीच अक्षरे लावली जातात, त्वचेच्या रंगाची, धर्माची, राष्ट्राची, तेव्हा तीच क्रिया अधिक जोमाने घडत असली पाहिजे, असा ताजफेल यांचा तर्क होता. आणि माणसांच्या बाबतीत त्या अक्षरांना मूल्येही चिकटलेली असतात.

(दृश्य : पॅरिसमधील ओर्से संग्रहालयाची इमारत; घड्याळ, कमानी, आतील प्रशस्त दालन.)

आज जगभरातले पर्यटक चित्रे पाहण्यासाठी ज्या इमारतीत येतात, ती पूर्वी रेल्वे स्थानक होती. मे १९४५ मध्ये जर्मनीतून परतणाऱ्या युद्धकैद्यांना घेऊन आलेल्या एका विशेष गाडीतून ताजफेल येथे उतरले. त्यांचा जन्म १९१९ साली पोलंडमधील व्ह्वोत्स्वावेक या गावी एका ज्यू कुटुंबात झाला होता. त्या काळच्या पोलंडमध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या विद्यापीठ-प्रवेशावर मर्यादा घातलेल्या असल्यामुळे ते रसायनशास्त्र शिकण्यासाठी फ्रान्सला गेले, युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच सैन्यात दाखल झाले आणि १९४० मध्ये जर्मनांच्या हाती सापडले. युद्धाची पुढची वर्षे त्यांनी निरनिराळ्या कैदी-छावण्यांत काढली. आपण ज्यू आहोत हे त्यांनी लपवले नाही, पण आपण पोलंडचे आहोत ही गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत दडवून ठेवली. फ्रेंच सैनिक म्हणून नोंद असलेल्या ज्यूला युद्धकैद्याचे काही संरक्षण मिळत होते. पोलिश ज्यू म्हणून ओळख उघड झाली असती, तर ते जिवंत राहण्याची शक्यता फारच थोडी होती. माणूस तोच, चेहरा तोच, स्वभाव तोच, आणि जगणे-मरणे मात्र नोंदवहीतल्या एका रकान्यावर अवलंबून. त्यांचे कुटुंब आणि पोलंडमधील जवळजवळ सर्व परिचित या युद्धात मारले गेले.

(दृश्य : युद्धानंतरच्या मदत-छावण्यांतील छायाचित्रे. निवेदन थांबते.)

युद्धानंतर काही वर्षे ताजफेल यांनी निर्वासितांच्या आणि निराधार झालेल्या मुलांच्या पुनर्वसनाचे काम केले. नंतर ते ब्रिटनमध्ये आले आणि लंडनच्या बर्कबेक कॉलेजात मानसशास्त्र शिकू लागले. प्रौढ विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीकरिता त्यांना जो निबंध लिहावा लागला, त्याचा विषय पूर्वग्रह हाच होता, आणि ती शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे डरहॅम आणि ऑक्सफर्ड येथे अध्यापन करून १९६७ मध्ये ते ब्रिस्टल विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळात पूर्वग्रहाची दोन स्पष्टीकरणे विशेष मान्यता पावलेली होती. कठोर शिस्तीत वाढलेल्या, अधिकारापुढे झुकणाऱ्या विशिष्ट व्यक्तिमत्त्वात पूर्वग्रहाचे मूळ असते, असे एक मत होते. दुसरे मत मुझफ्फर शेरीफ यांच्या अमेरिकेतील प्रयोगांवर आधारलेले होते: मर्यादित गोष्टींसाठी दोन गटांत स्पर्धा लागली की वैर निर्माण होते. ताजफेल यांना ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटत होती. छळ करणारी लाखो माणसे एकाच वेळी एकाच प्रकारच्या बिघडलेल्या व्यक्तिमत्त्वाची कशी असतील, हा त्यांचा आक्षेप बिनतोड होता, असे आमचे मत आहे. स्पर्धेच्या बाबतीत त्यांचा प्रश्न वेगळा होता. स्पर्धा, जुना इतिहास, ओळखदेख आणि स्वार्थ हे सर्व काढून टाकले, तर मागे काय उरते?

(दृश्य : अंधारी खोली. प्रोजेक्टरचा झोत. पडद्यावर ठिपक्यांचे पुंजके क्षणभर दिसून नाहीसे होतात.)

१९७० साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आम्ही या चित्रफितीसाठी प्रौढ कलाकारांच्या साहाय्याने पुन्हा उभा केला आहे. मूळ सहभागी मात्र ब्रिस्टलच्या उपनगरातील एकाच शाळेतले, चौदा-पंधरा वर्षांचे ६४ मुलगे होते. ते आठ-आठच्या तुकड्यांनी प्रयोगशाळेत आले आणि एकमेकांना आधीपासून चांगले ओळखत होते. पडद्यावर क्षणभर उमटणाऱ्या पुंजक्यात किती ठिपके आहेत, याचा अंदाज त्यांनी कागदावर लिहायचा होता. असे चाळीस पुंजके दाखवून झाल्यावर त्यांना सांगण्यात आले की, काही माणसे ठिपक्यांची संख्या सातत्याने अधिक सांगतात आणि काही सातत्याने कमी सांगतात, आणि पुढच्या कामासाठी त्यांची विभागणी त्यानुसार केली जाणार आहे. प्रत्यक्षात कागदांवरचे अंदाज कोणी विचारात घेतले नव्हते. कोणता मुलगा कोणत्या गटात जाणार, हे निव्वळ यादृच्छिक रीतीने ठरवले जात होते.

(दृश्य : एकेकट्यासाठी आडोसा केलेल्या जागा. टेबलावर पुस्तिका. पानावर अंकांच्या दोन ओळी.)

यानंतर प्रत्येक मुलाला वेगळे बसवून एक पुस्तिका देण्यात आली. तिच्या प्रत्येक पानावर अंकांच्या दोन ओळी होत्या; वरचा अंक एका मुलाला मिळणारे पॉइंट दाखवत होता आणि खालचा अंक दुसऱ्याला मिळणारे. एका पॉइंटची किंमत पेनीचा दहावा भाग होती. ज्यांना पैसे द्यायचे, त्यांची नावे पुस्तिकेत नव्हती; फक्त सांकेतिक क्रमांक आणि गट एवढेच दिलेले होते. आपल्या निवडीमुळे स्वतःला काहीही मिळणार नाही, हेही प्रत्येकाला स्पष्टपणे सांगितलेले होते. थोडक्यात, ज्याच्यासाठी निर्णय घ्यायचा तो कोण आहे हे माहीत नाही, त्याच्याशी बोलण्याची सोय नाही, आणि त्याच्या लाभातून आपल्या खिशात एक कपर्दिकही पडणार नाही, अशा अवस्थेत हे निर्णय घेतले जात होते.

पैसे घेणारे दोघेही एकाच गटातले असतील, मग तो गट आपला असो वा परका, तेव्हा मुलांच्या निवडी समान वाटपाच्या आसपास राहिल्या. घेणाऱ्यांपैकी एक आपल्या आणि दुसरा परक्या गटातला असला, की बहुसंख्य मुलांनी आपल्या गटातल्या अनोळखी क्रमांकाला अधिक पॉइंट दिले.

(दृश्य : पाउल क्ले आणि वासिली कान्दिन्स्की यांच्या चित्रांच्या स्लाइड आलटून पालटून.)

दुसऱ्या प्रयोगात ४८ मुलगे होते. या वेळी ठिपक्यांऐवजी दोन आधुनिक चित्रकारांची चित्रे दाखवून, ती कोणाची आहेत हे न सांगता, पसंती विचारण्यात आली. गटवाटप याही वेळी यादृच्छिकच होते. खरा फरक पुस्तिकेतल्या अंकांच्या मांडणीत होता आणि आमच्या मते ताजफेल यांच्या कल्पकतेचा कस तेथेच दिसतो.

(दृश्य : एक पान जवळून. वरच्या ओळीत ७ ते १९, खालच्या ओळीत १ ते २५.)

या पानावर वरची ओळ आपल्या गटातल्या मुलाची आणि खालची परक्या गटातल्या मुलाची आहे, असे समजावे. उजव्या टोकाचा रकाना निवडला, तर आपल्या मुलाला १९ आणि परक्याला २५ पॉइंट मिळतात. आपल्या गटाला मिळू शकणारी ही सर्वांत मोठी रक्कम आहे आणि दोघांची बेरीजही येथेच सर्वांत मोठी होते. मधल्या रकान्यात दोघांनाही १३. डाव्या टोकाला आपल्याला फक्त ७ मिळतात, पण परक्याला १ च मिळतो. पैसे संशोधकांचे आहेत, तेव्हा सरळ व्यवहार पाहणाऱ्याने उजवे टोक गाठून सर्व मुलांसाठी जास्तीत जास्त रक्कम पदरात पाडून घ्यावी. मुलांच्या निवडी मात्र तिकडे गेल्या नाहीत. न्याय्य वाटपाची ओढ त्यांच्यात होती, आणि तरीही आपला गट परक्या गटाच्या पुढे राहावा, मग त्यासाठी आपल्या गटाला प्रत्यक्षात कमी मिळाले तरी चालेल, या विचाराकडे त्या झुकत होत्या. शेजाऱ्याचे दोन डोळे फुटावेत म्हणून स्वतःचा एक फोडून घेण्याची गोष्ट आपण लोभाची आणि द्वेषाची म्हणून सांगत आलो. येथे शेजारी कोण हेही ठाऊक नव्हते.

हा निष्कर्ष संशोधकांच्या अपेक्षेबाहेरचा होता. कोणताही पक्षपात दिसणार नाही अशी आधारभूत परिस्थिती प्रथम तयार करावी आणि मग तिच्यात एकेक घटक वाढवत जाऊन पक्षपात कोठे सुरू होतो हे पाहावे, अशी मूळ योजना होती. पायाच्या पहिल्याच पायरीवर पक्षपात दिसल्यामुळे ती योजना तेथेच बाजूला पडली. १९७३ मध्ये मायकेल बिलिग आणि ताजफेल यांनी एक पाऊल पुढे जाऊन काही मुलांना गट चिठ्ठीसारख्या निव्वळ योगायोगाने ठरल्याचे उघडपणे सांगितले. पक्षपात तरीही टिकून राहिला.

(दृश्य : ब्रिस्टल शहर, विद्यापीठाचा मनोरा.)

या निष्कर्षांतून ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ पर्यंत सामाजिक ओळखीचा सिद्धान्त मांडला. माणूस आपल्या गटाच्या प्रतिष्ठेतून स्वतःची प्रतिष्ठा घडवतो आणि त्यामुळे आपला गट इतरांहून वेगळा व वरचढ दिसावा असे त्याला वाटते, हा त्याचा गाभा आहे. हा सिद्धान्त पुढे राजकारण, शिक्षण आणि कामाच्या ठिकाणचे भेदभाव अशा अनेक क्षेत्रांच्या अभ्यासात वापरला गेला. ताजफेल यांचे १९८२ मध्ये निधन झाले. त्यांच्या लैंगिक गैरवर्तनाविषयीच्या माहितीची जाहीर चर्चा झाल्यानंतर, २०१९ मध्ये सामाजिक मानसशास्त्राच्या युरोपीय संघटनेने आपल्या पुरस्काराला दिलेले त्यांचे नाव काढून टाकले.

(दृश्य : पुन्हा पुस्तिकेची पाने, एकेक उलटत जाणारी.)

या पानांवर एक गोष्ट नव्हती. तेथे फक्त द्यायचे होते. कोणाला इजा करायची नव्हती. जर्मन संशोधक अमेली मुमेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे याच पद्धतीने पॉइंटांऐवजी कर्कश आवाजासारख्या त्रासदायक गोष्टी वाटायला दिल्या, तेव्हा आपल्या गटाला झुकते माप देण्याची ती प्रवृत्ती एरवीसारखी सहज दिसून आली नाही. ती दिसण्यासाठी गट संख्येने लहान किंवा कमी प्रतिष्ठेचा असणे यांसारखी आणखी कारणे लागली. मेरिलिन ब्रूअर यांनीही आपल्यांविषयीचा जिव्हाळा आणि परक्यांविषयीचा द्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आग्रहाने मांडले. म्हणजे रकान्यातल्या खुणेपासून छावणीच्या कुंपणापर्यंतचा रस्ता ठिपक्यांचा प्रयोग दाखवत नाही. त्या रस्त्यावर कायदे लागतात, प्रचार लागतो, नोंदवह्या भरणारे कारकून लागतात. गट पाडून झाल्यावर पहिले झुकते माप पडायला मात्र यांतले काहीच लागत नाही, आणि ब्रिस्टलच्या त्या मुलांपैकी कोणाच्याही मनात परक्या गटाविषयी वाईट भावना होती, असे मानायला कसलाही आधार नाही.