शंकरपाळ्याचे पापुद्रे

(दृश्य : पंचवटीतलं घर, दिवाळीच्या आधीची सकाळ. ओट्यावर परात, वाटी, पातेलं.)

निवेदन :

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर. दिवाळीच्या सुमाराला इथली सकाळ गार असते आणि बरणीतलं तूप थिजलेलं असतं. फराळाला हात घालताना याचा विचार आधी करावा लागतो, कारण शंकरपाळ्याचं सगळं गणित तुपावर आहे.

या घरात आई आणि लेक शंकरपाळे करताहेत. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप. तिन्ही एकाच पातेल्यात, मंद आचेवर, साखर विरघळेपर्यंत. उकळी येऊ द्यायची नाही. मग पातेलं उतरवून कोमट होऊ द्यायचं.

"आई, मैदा किती घेऊ गं?"

"मावेल तेवढा."

वाटीनं मोजलं तर तो चार-पाच वाट्या भरतो. पण मैदा कधी कोरडा असतो, कधी दमट. म्हणून शेवटची वाटी हातानंच ठरवायची. गोळा परातीला चिकटेनासा झाला आणि तरी बोटानं दाबल्यावर सहज दबला, की थांबायचं. लेक अजून मूठभर घालायला निघाली होती, आईनं तिचा हात धरला.

(दृश्य : झाकलेला गोळा.)

मैदा ओला करून मळला की त्यात चिवटपणा येतो. पोळीला, पावाला तो हवा असतो, शंकरपाळ्याला नको. तूप पिठाच्या कणाकणावर बसतं आणि हा चिवटपणा वाढू देत नाही. म्हणून तर शंकरपाळा दाताखाली खुसकन तुटतो. तूप कमी पडलं तर शंकरपाळे दगडासारखे होतात. तूप-साखर जास्त झाली तर ते कढईत पडताच विरघळायला लागतात, आणि सकाळपासूनची मेहनत तळाशी गाळ होऊन बसते. काही जण हलकेपणासाठी सोडा घालतात. मला ते पटत नाही. सोड्याचे शंकरपाळे तेल पितात, आणि तुपाचं प्रमाण नीट असेल तर त्याची गरजही पडत नाही.

अर्ध्या तासानं गोळा उघडला, तर गारव्यानं तो घट्ट झालेला. तूप पुन्हा थिजलं. असाच लाटला तर कडा फाटतील. म्हणून आई तळहाताच्या उबेनं तो पुन्हा मळून घेते, मग लाटते. लाटी एकदा दुमडून परत लाटायची. पापुद्रे सुटतात ते इथं. जाडी पाव इंचाच्या आसपास. पातळ लाटले तर ते कडक होतात.

(दृश्य : कातणं फिरतंय.)

हे पितळी कातणं भांडी बाजारातलं. नाशिकचा हा बाजार तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी जुना, नावाजलेला. आधी उभ्या पट्ट्या, मग तिरक्या. कडेचे वेडेवाकडे तुकडे पुन्हा मळायचे नाहीत, ते तसेच तळायचे. घरातली मुलं त्यांचीच वाट बघत असतात.

(दृश्य : कढई.)

तेल तापलं का, हे एक तुकडा सोडून बघायचं. तो तळाशी जाऊन सावकाश वर आला तर तेल बरोबर आहे. टाकताच उसळून वर आला, तर आच कमी करायची. इथं घाई करणाऱ्याचे शंकरपाळे बाहेरून लाल होतात आणि आत कच्चे राहतात. दूध-साखरेमुळे रंग भराभर चढतो, आणि झाऱ्यानं काढल्यावरही तो थोडा गडद होतो. म्हणून बदामी दिसताच काढायचे. गरम असताना ते मऊ लागतात, त्यानं घाबरायचं नाही. खुसखुशीतपणा निवताना येतो.

पूर्ण निवल्याशिवाय डबा भरायचा नाही. वाफ आत कोंडली की सादळलेच म्हणून समजा. नीट निवून झाकण घट्ट लावलं तर पंधरा दिवस सहज टिकतात.

आता लेकीनं दुसरी परात घेतली आहे. खारे शंकरपाळे : मैदा, चुरलेला ओवा, जिरं, मीठ आणि कडकडीत तुपाचं मोहन. मोहन चोळून पिठाची मूठ वळून बघायची. मूठ टिकली, की मग पाणी. या वेळी आई पाटावर बसून नुसतं बघते आहे.