बस गेटपर्यंत पोचली, पण आत कोण बघणार?

नमस्कार मंडळी. आज जरा लांबची गोष्ट सांगतो, बॉस्टनची. आपल्यापैकी कुणाचा ना कुणाचा भाचा-पुतण्या तिकडे शिकायला असतोच, हार्वर्डसमोर उभं राहून काढलेले फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत, पण त्याच शहरात पन्नासेक वर्षांपूर्वी शाळेच्या बसवर दगड पडत होते आणि आत लहान मुलं होती.

मजा बघा, काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ सालीच कायद्याने बंद केल्या होत्या. म्हणजे कागदावर सगळं ठीकच. पण शाळांच्या हद्दी अशा आखायच्या की वस्तीप्रमाणे रंग आपोआप वेगळे राहावेत, एक शाळा तुडुंब भरलेली आणि जवळच्या दुसऱ्या शाळेत बाक रिकामे, तरी मुलं हलवायची नाहीत. हे सगळं चालवायची शहराची स्कूल कमिटी, पाच मेंबर, पाचही निवडून आलेले आणि पाचही गोरे. १९६३ मध्ये रूथ बॅटसन नावाच्या बाई एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेतर्फे या कमिटीसमोर गेल्या, म्हणाल्या आमची मुलं वेगळी पडलीयेत, तर कमिटी तो शब्दच मान्य करेना. अकरा वर्षं गेली, केस कोर्टात गेली, आणि २१ जून १९७४ ला जज आर्थर गॅरिटी यांनी निकाल दिला की हे आपोआप झालेलं नाही, कमिटीने जाणूनबुजून केलंय. मग शाळांत काळी-गोरी मुलं मिसळायचा हुकूम निघाला आणि सप्टेंबरात त्यासाठी बस सुरू झाल्या, रॉक्सबरी या काळ्यांच्या वस्तीतली मुलं साउथ बॉस्टन या गोऱ्यांच्या वस्तीत आणि तिकडची गोरी मुलं इकडे. साउथ बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले ते तेव्हा.

बॉस्टन म्हटलं की इथपर्यंतच सगळे सांगतात. मला बोलायचंय ते पुढचं. कारण हुकूम निघाला, बस गेटपर्यंत पोचली, मग आत काय? काळी मुलं एका टेबलावर आणि गोरी दुसऱ्या टेबलावर जेवतायत का, मारामारी झाली की शिक्षा एकाच रंगाला होते का, हे जज कोर्टात बसून कसं बघणार? आणि कमिटीवर सोडावं तर तीच आरोपी. मग गॅरिटींनी काय केलं, पालकांना आत घेतलं. शाळाशाळांत पालकांच्या समित्या, त्यात काळे आणि गोरे पालक सारख्या संख्येने, मतदानाने निवडलेले. १९७५ च्या मे महिन्यात त्यावर शहराची एक समिती नेमली, सिटीवाइड कोऑर्डिनेटिंग कौन्सिल, ४२ जणांची. शाळा चालवायचा अधिकार नाही हं, फक्त बघायचं, तक्रारी ऐकायच्या, लोकांना समजवायचं आणि कोर्टाला कळवायचं.

ऐकायला छान वाटतं, पण साउथ बॉस्टनमधल्या कितीतरी गोऱ्या पालकांनी या निवडणुकांवर बहिष्कारच टाकला. समिती दोन्ही बाजूंची आणि एक बाजू येतच नाही, बसा आता. जे गोरे पालक तरीही गेले ना त्यांचं मला जास्त कौतुक वाटतं, कारण शेजारीपाजारी फितूर म्हणणार हे माहीत असताना संध्याकाळी मीटिंगला जायचं आणि रात्री परत त्याच गल्लीत राहायला यायचं. आपल्याकडे आरटीई कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत निदान पाऊण सभासद पालक असावे लागतात, आणि कुठे कुठे रजिस्टर घरी पाठवून सही घेतली की मीटिंग झाली, असो, तो वेगळा विषय.

समितीचा उपयोग झाला का? थोडा झाला, आणि हळू झाला. साउथ बॉस्टन हायस्कूलमध्ये कॉरिडॉरमध्ये पोलीस उभे, दारात मेटल डिटेक्टर, तरी काळ्या मुलांना रोजचा त्रास होताच. मुलांच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या, जज स्वतः उठून शाळा बघायला गेले, आणि डिसेंबर १९७५ मध्ये ती शाळा कमिटीच्या हातातून काढून कोर्टाने आपल्या ताब्यात घेतली. पुढे हेडमास्तरही थेट मिनेसोटाहून आणले. आणि १९७७ मध्ये त्या पाच जणांच्या कमिटीवर जॉन ओब्रायंट निवडून आले, विसाव्या शतकातले तिथले पहिले काळे मेंबर. आता ते समित्यांमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण दोनतीन वर्षं मीटिंगा करून लोक तयार होत असणार असं आपलं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र या ४२ जणांच्या हातात कधीच नव्हती. निकालानंतर महिनाभरातच, जुलै १९७४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने डेट्रॉइट शहराच्या अशाच केसमध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की उपनगरांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याशिवाय त्यांना या अदलाबदलीत ओढता येणार नाही. म्हणजे बस फिरणार त्या शहराच्या हद्दीतच, गरीब काळ्यांची मुलं गरीब गोऱ्यांच्या शाळेत आणि उलट, पैसेवाले बाहेर निवांत. साउथ बॉस्टनचे लोक चिडून हेच म्हणायचे, आणि त्यांच्या दगडफेकीला माझा अजिबात पाठिंबा नाही पण हे म्हणणं काही खोटं नव्हतं. गॅरिटी स्वतः वेल्सलीला राहायचे, उपनगरात. उपनगरांसाठी होती ती फक्त मेट्को नावाची ऐच्छिक योजना, १९६६ पासूनची, ज्या गावाला वाटेल त्याने शहरातली मुलं घ्यायची. ती आजही चालू आहे, बॉस्टनची मुलं अजूनही भल्या सकाळी बस पकडून उपनगरातल्या शाळेत जातात. तिकडून इकडे मात्र कुणी येत नाही.