लेजंडचा क्रम कोण ठरवतं?

(इंदूरमध्ये संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या मराठी व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पडद्यावरच्या आलेखात मंडीतल्या चार मालांचे वर्षभराचे भाव आहेत: गहू, हरभरा, सोयाबीन आणि लसूण. आकडे नमुन्यासाठी बनवलेत, भाव म्हणून घरी सांगू नका. रेघांचं उजवं टोक बघा. सगळ्यात वर लसूण, मग हरभरा, मग सोयाबीन, तळाला गहू. आता शेजारचा लेजंड, म्हणजे कोणता रंग कशाचा ते सांगणारी यादी, वाचा: गहू, लसूण, सोयाबीन, हरभरा. एकटं सोयाबीन योगायोगानं जागेवर आहे. बाकी प्रत्येक नावासाठी डोळ्याला रंग लक्षात ठेवून आलेखात शोधत जावं लागतं. चार रेघांत हे खपून जातं. आठ रेघा आणि दोन एकसारखे निळे असले की वाचणारा कंटाळून पान उलटतो.

हा क्रम आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या जीजीप्लॉट२ या आलेख काढणाऱ्या पॅकेजनं दिला, कारण ‘माल’ हा रकाना साध्या अक्षरांचा होता आणि साधी अक्षरं वर्णानुक्रमे लागतात. महिन्यांचं तर विचारूच नका. देवनागरीत लिहिलेले महिने असेच सोडले तर यादी एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट अशी सुरू होते. जानेवारी चौथा येतो आणि जुलै जूनच्या आधी.

मग बहुतेक जण लेजंडची नावं हातानं लिहायला घेतात. रंग वाटणाऱ्या ‘स्केल’मध्ये ‘लेबल्स’ला चार नावांची यादी देतात, क्रम मनासारखा. आजच्या व्याख्यानातली सगळ्यात धोक्याची जागा ही. बिननावाची यादी फक्त स्थानानुसार चिकटते: पहिल्या पातळीला (इथे वर्णानुक्रमातल्या पहिल्या मालाला) पहिलं नाव, दुसरीला दुसरं. म्हणजे गव्हाच्या रेघेला ‘लसूण’ हे नाव लागतं आणि प्रोग्राम हूं की चूं करत नाही. पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिबमध्ये ‘लेजंड’ला थेट नावांची यादी दिली की तोच प्रकार होतो. आरच्या मूळ ‘लेजंड’ फंक्शनला तर आलेखाशी काही देणंघेणंच नाही. तुम्ही जी नावं, जे रंग द्याल ते तो निमूटपणे छापतो. भद्दा लेजंड परवडला, खोटा नको.

म्हणून दुरुस्ती विदेत, म्हणजे डेटातच, करायची. ‘माल’ला फॅक्टर (ठरलेल्या क्रमाच्या पातळ्यांचा रकाना) करा आणि ‘लेव्हल्स’ हव्या त्या क्रमानं द्या. रेघांच्या आलेखासाठी फॉरकॅट्स पॅकेजमधलं ‘एफसीटी_रीऑर्डर२’ हेच काम आपोआप करतं: शेवटच्या महिन्यातली किंमत बघून मोठ्यापासून छोट्याकडे पातळ्या लावतं. मात्र प्रत्येक मालाची शेवटची नोंद एकाच महिन्याची हवी. लसणाची नोंद ऑक्टोबरला थांबली असेल तर त्याचा ऑक्टोबर बाकीच्यांच्या डिसेंबरशी तोलला जाईल.

पातळ्या बदलल्या की रंगही बदलतात, आलेखाचे छोटे छोटे फलक पाडले असतील तर फलकांचा क्रमही. मागच्या अहवालात गहू हिरवा होता आणि या वेळी जांभळा झाला, तर दोन्ही शेजारी ठेवणाऱ्याची पंचाईत. त्यावर ‘स्केल_कलर_मॅन्युअल’मध्ये रंग नावासकट बांधून टाका: गव्हाला हा, लसणाला तो. मग क्रम कितीही फिरवा, रंग हलत नाहीत. आणि फक्त लेजंडचाच क्रम बदलायचा असेल, तर पातळ्यांना हात न लावता स्केलचे ‘ब्रेक्स’ हव्या त्या क्रमानं लिहा. ‘लिमिट्स’ नव्हे, तो बदलला तर आपोआप वाटले जाणारे रंगही सरकतात.

एकावर एक रचलेल्या स्तंभांत वेगळी गंमत आहे. जीजीप्लॉट२ पहिली पातळी सगळ्यात वर रचतो, म्हणजे उजवीकडच्या उभ्या लेजंडशी ती जुळते. पण तेच स्तंभ आडवे केले की पहिली पातळी उजव्या टोकाला जाते, आणि लेजंड खाली घेतला तर त्यात ती डावीकडे पहिली असते. आरशातल्यासारखं उलटं. ‘गाइड_लेजंड’मध्ये ‘रिव्हर्स’ला ‘ट्रू’ केलं की काम झालं.

मॅटप्लॉटलिब वर्णानुक्रम लावत नाही, तुम्ही काढलेल्या क्रमानं नावं घेतो. निदान रेघाच रेघा असतील तर. आधी स्तंभ काढले आणि वर रेघ टाकली, तर लेजंडमध्ये रेघ आधी येते, कारण तो प्रकारवार गोळा करतो: रेघा पहिल्या, स्तंभांचे गट शेवटी. तेव्हा ‘गेट_लेजंड_हँडल्स_लेबल्स’नं खुणा आणि नावं दोन्ही मागवून जोडीनंच पुन्हा लावा. जोडी फुटली की वरचाच खोटेपणा परत. दोन उभे अक्ष असतील तर दोन्हीकडच्या जोड्या गोळा करून एकच लेजंड काढा, नाहीतर एकावर एक दोन चौकटी बसतात. एखादी मदतीची रेघ लेजंडमध्ये नको असेल तर तिच्या नावाआधी अधोरेषा द्या; अशी नावं तो वगळतो.

जीजीप्लॉट२मध्ये ‘माल’ या एकाच रकान्याला रंग आणि आकार दोन्ही दिले तर एकच लेजंड येतो. तुम्ही रंगाच्या लेजंडचं शीर्षक बदललं आणि आकाराचं विसरलात, की दोन लेजंड होतात, कारण शीर्षक आणि नावं तंतोतंत सारखी असली तरच ते एकत्र होतात. दोन्हीकडे तेच शीर्षक द्या. खरोखर वेगळे लेजंड असतील तर आधी कोणता, हे ‘ऑर्डर’मध्ये आकडा देऊन ठरवा. न दिल्यास क्रम एका ‘गुप्त पद्धतीनं’ ठरतो, असं त्याची माहितीपुस्तिकाच सांगते. प्रामाणिकपणा आवडला, पण तिच्यावर विसंबू नका.

बिंदू हजारोंनी असले की आपण ‘अल्फा’, म्हणजे अपारदर्शकता, ०.१ वगैरे ठेवतो, आणि लेजंडमधला ठिपकाही तितकाच फिका होतो. रंग ओळखूच येत नाही. ‘गाइड_लेजंड’मधल्या ‘ओव्हरराइड.एईएस’मध्ये ‘अल्फा’ १ आणि ‘साइज’ ३ द्या. आलेख तसाच राहतो, फक्त लेजंडची खूण ठसठशीत होते.

आता जागा. लेजंड उजवीकडे ठेवला की तो आलेखाची रुंदी खातो. नियतकालिकाच्या ८५ मिलिमीटरच्या स्तंभात खूण, अंतर आणि ‘सोयाबीन’ एवढं नाव मिळून सहज २० मिलिमीटर जातात. तिथे लेजंड खाली घ्या, ‘एनरो’ (ओळींची संख्या) २ करा आणि ‘बायरो’ ‘ट्रू’ ठेवा. नाहीतर नावं स्तंभानुसार, वरून खाली भरली जातात. आलेखाच्या आत ठेवायचा असेल तर जीजीप्लॉट२च्या २०२४मधल्या ३.५.० आवृत्तीपासून ‘लेजंड.पोझिशन’ला ‘इनसाइड’ म्हणायचं आणि आकडे ‘लेजंड.पोझिशन.इनसाइड’मध्ये द्यायचे. जुन्या पद्धतीनं थेट दोन आकडे दिले तर ताकीद येते.

मॅटप्लॉटलिबमध्ये लेजंड कुठे बसेल ते सांगणाऱ्या ‘लोक’ला ‘बेस्ट’ म्हटलं की तो स्वतः मोकळा कोपरा शोधतो. विदा मोठी असेल तर त्याला वेळ लागतो, आणि अहवालातल्या बारा आलेखांत लेजंड बारा ठिकाणी उड्या मारतो. बाहेर काढायचा तर ‘बीबॉक्स_टू_अँकर’ला (१.०२, १) द्या आणि ‘लोक’ला ‘अपर लेफ्ट’. बरेच जण चुकतात ते इथे: ‘लोक’ म्हणजे लेजंडचा कोणता कोपरा त्या बिंदूवर टेकवायचा. ‘अपर राइट’ लिहिलंत तर लेजंड परत आलेखावर येऊन बसेल. जतन करताना ‘बीबॉक्स_इंचेस’ला ‘टाइट’ म्हणा, नाहीतर बाहेरचा भाग कापला जातो.

देवनागरी नावांसाठी आरमध्ये ‘रॅग’ पॅकेजच्या साधनानं चित्र जतन करा. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार नीट बसतात. मॅटप्लॉटलिबच्या ठरलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून नुसते चौकोन दिसतात. फाँट बदलला तरी चित्र एकदा मोठं करून ‘हरभरा’ नव्हे, ‘मिरची’ तपासा: इकार ‘म’च्या आधी आला आहे का?

चार-पाच रेघा असतील तर मात्र लेजंड काढूनच टाका, असं मी म्हणेन. विदेतल्या फक्त शेवटच्या महिन्याच्या ओळी वेगळ्या काढून घ्या, ‘जिओम_टेक्स्ट’नं प्रत्येक रेघेच्या टोकाला नाव लिहा, ‘एचजस्ट’ (आडवी जुळणी) ० ठेवा आणि उजवा समास वाढवा. कोऑर्डमध्ये ‘क्लिप’ ‘ऑफ’ करा, म्हणजे नावं चौकटीच्या कडेला कापली जाणार नाहीत. हरभरा आणि सोयाबीन फार जवळ आले तर ‘जीजीरिपेल’ पॅकेज त्यांना उभ्या दिशेत दूर सरकवतो. ‘डिरेक्शन’ला ‘वाय’ सांगा. आणि लेजंड बंद करायला विसरलात तर प्रत्येक खुणेवर रोमन लिपीतलं एक छोटं ‘ए’ बसलेलं दिसेल. ते या अक्षरांच्या थराचं चिन्ह आहे. त्या थराचा ‘शो.लेजंड’ ‘फॉल्स’ केला की जातं.