झोपडीशी कसं बोलायचं

सुरुवात आपल्याच गोष्टीने करते. राजाचा जीव पोपटात, हे आपण येताजाता म्हणतो. तिकडे रशियात कोश्चेई नावाचा एक खडूस म्हातारा आहे, तो मरतच नाही, कारण त्याचा मृत्यू सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी कुठल्याशा बेटावर ओकच्या झाडाखाली. पॅकिंग जरा जास्तच आहे, पण आयडिया तीच की नाही? लोककथा गोळा करणारे अफानास्येव यांनी रशियन लोककथा छापल्या १८५५ ते १८६३ मध्ये, आणि १८६८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रेअर हिने घरच्या आयाकडून, ॲना लिबेराता डिसूझाकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी छापल्या, त्यात पहिलीच गोष्ट पोपटात जीव ठेवणाऱ्या जादूगाराची. कोणी कोणाचं ढापलं विचारू नका, गोष्टी आपापल्या पायाने फिरतात.

तर विषय हा की गेल्या दहा-पंधरा वर्षांत इंग्रजीत टीनएजर मुलांसाठी जी फॅन्टसी येतेय त्यात हे सगळं स्लाव्हिक, म्हणजे रशिया आणि आसपासच्या देशांतलं, सामान भरपूर दिसतं, बर्फ, जंगल, बाबा यागा नावाची चेटकीण म्हातारी, पाण्यातल्या मुली. माझी भाची असली पुस्तकं रात्री दोनपर्यंत वाचते, तिच्यामुळे मीही वाचायला लागले. आणि माझं मत असं झालंय की या पुस्तकांतली चांगली कुठली आणि नुसती सजावट कुठली हे ओळखायचं असेल तर एकच बघायचं, पुस्तकाने लोककथेतले रीतिरिवाज घेतलेत का, की फक्त नावं घेतलीत.

रीतिरिवाज म्हणजे काय, तर बाबा यागाची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती झोपडी तुमच्याकडे पाठ करून उभी असते आणि तिला नीट सांगावं लागतं, बाई गं, जंगलाकडे पाठ कर, माझ्याकडे तोंड कर. तेव्हा ती वळते. घरात दोमोवोय असतो, चुलीमागे राहणारा घरधनी म्हणा, त्याला खाऊ ठेवायचा, आणि घर बदललं तर त्याला झाडाच्या सालीच्या जुन्या जोड्यात बसवून सोबत न्यायचं, नाहीतर तो रिकाम्या घरात रडत बसतो. जंगलात लेशीने, म्हणजे रानाच्या राखणदाराने, वाट चुकवली तर कपडे उलटे घालायचे, डाव्या पायातला जोडा उजव्यात. हे राक्षस मारायचे नसतात हो, यांच्याशी वागायचं कसं ते शिकायचं असतं.

आता नुसत्या नावांचं उदाहरण. ली बार्डुगो यांची २०१२ पासूनची मालिका खूप गाजली, नेटफ्लिक्सवरही आली, आणि मला ती आवडते सुद्धा, पण त्यातल्या नायिकेचं आडनाव स्टारकॉव्ह, जे पुरुषाचं रूप आहे, बाईचं स्टारकोव्हा व्हायला हवं, आणि जादूगारांच्या अख्ख्या जमातीचं नाव ग्रिशा, जे ग्रिगोरीचं लाडाचं नाव आहे. म्हणजे कोणी आपल्याकडच्या योद्ध्यांच्या पंथाला 'बाळ्या' नाव द्यावं तसं. रशियन वाचक हसले तर त्यांचं काय चुकलं? आणखी एक, काही पुस्तकांत प्रकाशाचा देव बेलोबोग आणि अंधाराचा चेर्नोबोग अशी जोडी दिसते. चेर्नोबोगचा उल्लेख बाराव्या शतकातल्या हेल्मोल्ड नावाच्या पाद्र्याकडे सापडतो, बेलोबोगचा नाही, काळा आहे म्हणजे गोरा असणारच असं नंतरच्या लोकांनी धरून चाललं.

याउलट कॅथरीन आर्डेन यांची २०१७ मधली कादंबरी बघा. चौदाव्या शतकातला रशिया, गावात नवा पाद्री येतो, लोकांना घाबरवतो, लोक दोमोवोयला खाऊ ठेवायचं बंद करतात आणि घरचे, तबेल्यातले सगळे रक्षक वाळत जातात, फक्त एक मुलगी गुपचूप त्यांना भाकरी देत राहते. इथे रीत हाच प्लॉट आहे. मात्र हिमाचा राजा मोरोझ्को तिथेही हँडसम होतो, तेवढी सूट द्यावीच लागते. मूळ गोष्टीत तो बर्फात सोडून दिलेल्या पोरीला विचारतो, थंडी वाजते का गं, आणि ती गोठत गोठत म्हणते, नाही हो, छान ऊब आहे. तिला बक्षीस मिळतं. हे वाचून भाची भडकली, म्हणाली मावशी हे काय, मरायला टेकली तरी गोडच बोलायचं? आणि बरोबर आहे तिचं, नव्या पुस्तकांतल्या मुली उलट बोलतात ते उगाच नाही. माझं म्हणणं इतकंच की उलट बोलायचं तर आधी रीत माहीत हवी, नाहीतर मोडलं काय ते कळणार कसं?

शेवटी वासिलिसा नावाच्या मुलीची रशियन लोककथा. सावत्र बहिणी तिला विस्तव आणायला बाबा यागाकडे पाठवतात. म्हातारी उखळात बसून उडते, मुसळाने हाकते, केरसुणीने माग पुसते. पोरीला कामं काय, तर अंगण झाड, स्वयंपाक कर, खसखशीतली माती निवड. आईने मरताना दिलेली बाहुली रात्रीतून निवडून देते. मग म्हातारी म्हणते, विचार काय विचारायचं ते. पोर पांढऱ्या, लाल आणि काळ्या घोडेस्वारांबद्दल विचारते, तर ते निघतात दिवस, सूर्य आणि रात्र. पण घरात हवेतून प्रकट होऊन काम करणारे हातांचे तीन जोड असतात, त्यांच्याबद्दल ती विचारत नाही. म्हातारी खूष होते, म्हणते बरं झालं, बाहेरचंच विचारलंस, माझ्या घरातला केर बाहेर गेलेला मला आवडत नाही. रशियनमध्ये ती म्हणच आहे, झोपडीतला केर बाहेर नेऊ नये, म्हणजे घरातलं चव्हाट्यावर आणू नये.

आजच्या पुस्तकातली मुलगी हातांबद्दल हमखास विचारेल, आणि लेखिकेला मग पुढची तीनशे पानं उत्तर देत बसावं लागेल. मीही विचारलं असतं, खरं सांगते. मूळ गोष्टीत ते हात कोणाचे हे कुठेच सांगितलेलं नाही.