रजुला: सत्तेचाळीस वर्षं चाललेली आगबोट

मद्रास, नागपट्टणम, पिनांग, पोर्ट स्वेटनहॅम, सिंगापूर. ब्रिटिश इंडिया या जहाज कंपनीच्या 'रजुला'चं बहुतेक आयुष्य याच वाटेवर गेलं.

साडेआठ हजार टनांची ही बोट 1926 मध्ये ग्लासगोच्या बार्कले कर्ल कारखान्यात बांधली गेली. सुरुवातीच्या परवान्यात नुसते डेकचे उतारूच पाच हजारांवर. मलायाच्या रबरमळ्यांवर निघालेली तमिळ माणसं चटई अंथरून डेकवरच निजत. नागपट्टणमला बोट उघड्या समुद्रात नांगरायची. बायकापोरं, बोचकी, सगळं पडावांतून वर चढायचं.

आता खाली, इंजिनरूममध्ये. बोट ढकलणारे दोन पंखे (प्रोपेलर), प्रत्येकाला तीन सिलिंडरांचं वाफेचं इंजिन. एकच वाफ आधी लहान सिलिंडरात, मग मधल्यात, शेवटी सर्वांत मोठ्यात काम करते आणि कंडेन्सरमध्ये तिचं पुन्हा पाणी होतं.

असलं इंजिन एकाएकी दगा देत नाही. बेअरिंग झिजलं की आधी ठोके ऐकू येतात. मग बंदरात बेअरिंग उघडायचं, दांड्यावर शिशाची तार ठेवायची, बोल्ट आवळायचे, पुन्हा उघडून चेपलेल्या तारेची जाडी मोजायची. तेवढीच फट. जास्त भरली तर बेअरिंगच्या दोन भागांमधल्या पातळ पत्र्या काढायच्या. फार आवळलं तर मात्र बेअरिंग तापतं आणि आतला पांढरा धातू वितळतो.

खरा वैरी खारं पाणी. वाफ थंड करायला कंडेन्सरच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी फिरतं. त्यातली एखादी नळी गळली, की मीठ थेट बॉयलरमध्ये. म्हणून बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतात. पाणी दुधाळ झालं तर गळती नक्की. भर समुद्रात तात्पुरता इलाज म्हणजे कंडेन्सरकडे येणाऱ्या समुद्राच्या पाण्यात लाकडाचा भुसा सोडणं. कंडेन्सरमधल्या निर्वाताच्या ओढीनं भुसा भोकात जाऊन बसतो. बंदर लागलं की त्या नळीची दोन्ही टोकं खुंट्या ठोकून बंद. दुर्लक्ष झालं तर बॉयलरच्या नळ्यांवर क्षार चढतात, त्यांच्याखालचं लोखंड अतोनात तापतं आणि फुगतं. इतकी वर्षं बोट चालली, ती या रोजच्या राखणीवर.

दुसऱ्या महायुद्धात तिनं सैन्य वाहिलं. जोडीची बोट 'रोहना' 26 नोव्हेंबर 1943 रोजी अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन ग्लाइड बॉम्बनं, म्हणजे विमानातून सोडलेल्या पंखांच्या बॉम्बनं, बुडाली. अकराशेहून अधिक माणसं गेली. 'रजुला' परतली आणि पुन्हा मद्रास-सिंगापूरला लागली.

1973 मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियानं तिला विकत घेतलं आणि मध्य अंदमानातल्या गावावरून 'रंगत' हे नाव दिलं. पुढच्याच वर्षी ती मुंबईत तोडली गेली.